चित्रात नसलेलं लाल कडं

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात नीलकंठ वैरागडे सरांना लहानथोर सगळे रॉकेटवाले सर म्हणतात. वास्तविक सरांनी रॉकेट पाहिलंय ते टीव्हीवर, तेवढंच. त्यांचं रॉकेट कॉम्प्युटरात, आणि तेही अख्खं नव्हे. त्याच्या पोटातली इंधनाची हातभर कांडी आणि तिच्यातून उष्णता कुठून कुठे जाते, एवढाच त्यांचा प्रांत. पण हे तलावाच्या कडेला सकाळी पोहे खाणाऱ्या मंडळींना कोण समजावत बसणार? आणि खरं सांगायचं तर सरांनाही समजावायची घाई नव्हती. आयता मिळालेला मान कोणी परत करतं का?

विषय मात्र दिसतो तितका अवघड नाही. अणुशक्तीवर चालणारं रॉकेट आपल्या दिवाळीच्या बाणासारखं काही जाळत नाही. त्यातली इंधनाची कांडी अणूंच्या फुटण्यानं नुसती तापते, भयंकर तापते. कांडीला आरपार बारीक भोकं असतात. त्या भोकांतून हायड्रोजन सोडायचा. तो तापतो, फुगतो आणि मागच्या तोंडातून सुसाट बाहेर पडतो. त्या रेट्यानं रॉकेट पुढे जातं. आता हा हायड्रोजन मोठा खादाड. तापलेली कांडी तो आतून कुरतडतो, म्हणून भोकांना आतल्या बाजूनं एक पातळ अस्तर देतात. उष्णता कांडीतून अस्तरात आणि अस्तरातून वायूत गेली की झालं. पण मध्येच कुठे अडली तर ती तिथेच साठते आणि कांडी तडकते. खरी कांडी पुन्हा पुन्हा तापवून पाहणं कोणाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून आधी कॉम्प्युटरात तिची जाळी विणतात, लाखभर चौकटींची, आणि कोणती चौकट शेजारणीला किती उष्णता देते याचं गणित मांडतात. थंड जागा चित्रात निळी दिसते, तापलेली लाल.

सरांनी असं गणित मांडून सहा वर्षांपूर्वी एक शोधनिबंध छापला होता. त्यातलं चित्र सुरेख होतं. निळ्यातून हिरव्यात, हिरव्यातून पिवळ्यात, हळूहळू विरत गेलेली उष्णता. कुठे डाग नाही, कुठे उडी नाही. त्या निबंधानं सरांना विभागप्रमुख केलं, दोन परदेशवाऱ्या घडवल्या आणि मोहल्ल्यातलं ते नाव मिळवून दिलं.

यंदा मार्चच्या शेवटी त्यांना एक मेल आली. लांबच्या एका प्रयोगशाळेनं तशीच कांडी बनवली होती. अणूबिणू काही नाही, विजेवर तापवायची. सरांच्या आकड्यांवर भरवसा ठेवून त्यांनी तिच्यातून हायड्रोजन सोडला होता. तापवायची, निववायची, पुन्हा तापवायची. सातव्या वेळी कांडी तडकली. सरांनी सांगितलेल्या तापमानापेक्षा तिथलं तापमान दोनशे अंशांनी जास्त निघालं. सोबत कापलेल्या कांडीचा फोटो होता. तो उघडायला सरांनी चहा संपेपर्यंत वेळ लावला, कारण फोटोत काय असणार हे त्यांना ठाऊक होतं. भोकाभोवती, अस्तराच्या अगदी मागे, जळून काळं पडलेलं एक कडं होतं. मोनालीनं दाखवलं होतं तिथेच.

मोनाली रामटेके ही सरांची विद्यार्थिनी. पीएच.डी.ला आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिचे वडील धर्मपाल रामटेके मूळचे भंडाऱ्याकडचे. सिलतऱ्याच्या कारखान्यांमधून भट्ट्यांना आतून विटांचं अस्तर लावायचं काम करायचे. घरात मराठी, पण पोरगी उत्तर देणार हिंदीत. रायपुरातल्या आपल्या बहुतेक मुलामुलींचं हेच आहे. कामाला मात्र वाघ होती. जाळी विणण्यात तिचा हात सरांपेक्षा सराईत होता आणि हे सरांना चांगलं माहीत होतं.

एका दुपारी ती नवीन चित्र घेऊन सरांच्या खोलीत आली. त्यात भोकाभोवती एक लाल कडं उठलेलं होतं. सरांनी बघताक्षणी निकाल दिला, जाळीची चूक. या धंद्यात चित्रात असं अचानक टोक उठलं की बहुतेक वेळा ती जाळीचीच चूक असते. मुरलेली माणसं त्याकडे दुसऱ्यांदा पाहतही नाहीत, सरळ घासून गुळगुळीत करून टाकतात. पण मोनालीनं जाळी तीनदा बारीक करून पाहिली होती. चूक असती तर कडं सरकलं असतं, पुसट झालं असतं. ते जागचं हललं नव्हतं. कांडी आणि अस्तर एकमेकांना कायमची चिकटलेली आहेत असं सगळे धरून चालतात. मोनालीनं तसं न धरता दोघांमध्ये केसाहून बारीक एक दरज ठेवली होती आणि प्रत्येक तापवण्याला ती थोडी थोडी वाढवत नेली होती.

दरज वाढते हे कुठून आणलं, असं सरांनी विचारलं. संदर्भ काय? मोनालीनं सरळ सांगून टाकलं की पापांनी सांगितलं. भट्टीची वीट आणि बाहेरचा लोखंडी पत्रा पहिल्या तावाला, म्हणजे पहिल्यांदा तापताना, एकमेकांना धरून असतात. भट्टी निवली की सुटतात. मग दर तावाला त्यांच्यातली जागा वाढत जाते, आणि तिथली गरमी पुढे न जाता विटेतच कोंडते. तीस वर्षांत पापांनी न सुटलेली भट्टी पाहिली नव्हती. बाहेरून पत्र्यावर हातोडी मारली की आवाजावरून त्यांना जागा सांगता येत असे.

आता त्या वेळी खोलीत आणखी दोघे बसले होते, यशदीप नावाचा एक सीनियर विद्यार्थी आणि बाहेरगावाहून आलेले एक प्राध्यापक. माणसाला प्रेक्षक मिळाले की त्याची जीभ जरा जास्तच सुटते. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कौन से जर्नल में छपते हैं तुम्हारे पापा?"

यशदीप हसला. प्राध्यापक हसले. सरही हसले. मोनालीनं लॅपटॉप मिटला आणि ती गेली. दोन दिवसांनी तिनं दरज काढून टाकलेलं, गुळगुळीत चित्र आणून दिलं. तेच छापलं गेलं, सरांच्या नावाखाली तिचं नाव घालून. चार महिन्यांनी तिनं पीएच.डी. सोडली. अर्जात कारण लिहिलं होतं, घरगुती. सरांनी सही करताना मान हलवली आणि मनात म्हटलं, मुलींचं असंच असतं.

मुलगी गेली, विनोद मात्र प्रयोगशाळेत राहिला. कोणी बिनासंदर्भाचा आकडा आणला की बाकीचे विचारतात, "पापा का रेफरेंस है क्या?" नव्या मुलांना हे कुठून आलं याचा पत्ताही नाही. मेल आली त्याच दिवशी सरांनी दारातून जाता जाता ते वाक्य ऐकलं आणि त्यांचा पाय तिथेच अडला. त्यांचे स्वतःचे वडील, पांडुरंग वैरागडे, रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांचे बॉयलर दुरुस्त करायचे. आगीतलं त्यांना जेवढं कळत होतं तेवढं सरांना अजून कळलेलं नाही. पण सर लोकांना सांगताना 'वडील रेल्वेत होते' एवढंच सांगत आले. काळ्या हातांची लाज वाटायची, दुसरं काय.

छापलेला निबंध सुधारायचा तर दुरुस्तीपत्र पाठवावं लागतं. सरांनी आठ दिवस बसून ते लिहिलं. दरजेचं गणित घातलं, लाल कड्याचं चित्र घातलं. मोनालीचं नाव पहिलं लावलं, आपलं मागे घेतलं. शेवटी एक वाक्य घातलं की ही गोष्ट रायपूरचे भट्टीमिस्त्री धर्मपाल रामटेके यांनी सर्वांआधी लक्षात आणून दिली होती. एवढं लिहून त्यांना जरा हलकं वाटलं. मग फॉर्ममध्ये एक रकाना आला: ही बाब मूळ निबंधात का घेतली नव्हती? सरांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि इंग्रजीत लिहिलं, त्या वेळी पुरेशी माहिती उपलब्ध नव्हती. हे वाक्य फार सोयीचं आहे. कोणत्याही दुरुस्तीपत्रात ते खपून जातं.

ज्यांची नावं घालायची त्यांच्या सह्या लागतात. त्या मेलवर मागवता आल्या असत्या. पण सरांनी ठरवलं की स्वतः जायचं, समोर बसायचं आणि मोनालीची आणि तिच्या वडिलांची, दोघांची माफी मागायची. सप्टेंबरात ते निवृत्त होणार होते. ही एक गोष्ट केल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठायचं नाही, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. वयाची साठी आली तरी सरांवर माफी मागायची पाळी आली नव्हती. म्हणजे पाळी पुष्कळदा आली असेल, मागितली नव्हती. त्यामुळे जाताना बरोबर काय न्यायचं हेच त्यांना सुचेना. बायको राधिका म्हणाली, रिकाम्या हातानं जाऊ नका. तेव्हा सदर बाजारात स्कूटर थांबवून त्यांनी एक शाल घेतली आणि पुढच्या दुकानातून नारळ घेतला. एप्रिलचा महिना, रायपूरचं ऊन. दुकानदारानं शाल बांधून देताना दोनदा विचारलं की शालच पाहिजे ना. सत्कार कसा करायचा हे सरांना पाठ होतं. माफीचं तसं काही ठरलेलं नसतं.

समता कॉलनीत दातांच्या दवाखान्याला लागून मोनालीचं ऑफिस होतं. पुढे एक खोली, मागे पाण्याची टाकी, दारावर कूलर. कारखान्यांच्या भट्ट्यांचं गणित ती करून देत असे. अस्तर किती जाड लावायचं, किती तावांनी बदलायचं, कुठे गरमी कोंडणार, हे आधीच चित्र काढून सांगायची. सर आत आले तेव्हा ती एकटीच होती. ती उठून उभी राहिली. पाया पडली नाही, पूर्वी पडायची. वडील गुडघ्याच्या व्यायामासाठी पलीकडच्या गल्लीत गेलेत, येतीलच, असं म्हणाली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

सरांनी पाठ केलेलं काही बोलायच्या आधीच तिनं त्यांच्या हातातलं दुरुस्तीपत्र घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. कामाचा कागद दिसला की तिला राहवायचं नाही, ते तसंच होतं. फोटो पाहिला, आकडे पाहिले. एका ठिकाणी पेन्सिल टेकवून तिनं सांगितलं की दरज सातव्या तापवण्याला पडत नाही, तिसऱ्यापासूनच सुरू होते, सातव्याला फक्त उघडकीला येते. तिचं बरोबर होतं. सरांनी मान डोलावली. मग ती शेवटच्या रकान्यापाशी आली. पुरेशी माहिती उपलब्ध नव्हती. ते वाक्य तिनं वाचलं आणि आपल्या नावापुढे सही केली.

"मोनाली," सर म्हणाले, "तेव्हा तुझं चित्र मी नीट पाहिलं नाही. फार मोठी चूक झाली."

तिनं पेनाचं टोपण लावलं. चित्र चुकीचं ठरवलं म्हणून मी गेले नव्हते, असं तिनं सांगितलं. चित्रासाठी ती आणखी पाच वर्षं भांडली असती, तिला ते आवडलं असतं. "आप लोग हँसे थे, सर," ती म्हणाली. "मैं पापा का नाम लेकर आई थी, और आप लोग हँसे थे."

मोनालीनं आवाज आणखी खाली आणला. पापांना त्यातलं काही माहीत नाही, असं तिनं सांगितलं. निबंध छापून आला तेव्हा ते रोज विचारायचे, माही गोष्ट घेतली का. शेवटी तिनं सांगून टाकलं की घेतली, छापली, सरांना फार आवडली. तेव्हापासून ते तो कागद जपून ठेवतात, आल्यागेल्याला दाखवतात. कारखान्यातली माणसं त्यांना अजून रॉकेटवाले मिस्त्री म्हणतात. सरांनी माफी मागितली तर हे सगळं उघडं पडेल. तेव्हा सरांनी पापांसमोर एक शब्दही काढू नये. त्यांची सही ती नंतर कशीतरी घेईल.

"आप माफी माँगकर हल्के हो जाओगे," ती म्हणाली. "उनका क्या होगा, वो भी सोचिए."

सरांनी दुरुस्तीपत्र खांद्यावरच्या पिशवीत घातलं आणि शालीची पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली. तेवढ्यात दार लोटून काठी टेकत धर्मपाल रामटेके आत आले. सत्तरीचा माणूस, बारीक चणीचा, दोन्ही हातांवर जुन्या भाजल्याचे पांढुरके डाग. सरांना त्यांनी एकदाच, प्रवेशाच्या दिवशी पाहिलं होतं, तरी लगेच ओळखलं. "जय भीम, सर," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की सरांना तिथून पळून जावंसं वाटलं. सरांनीही हात जोडले. त्यांच्या तोंडून नमस्कार निघता निघता जय भीम निघालं.

मग चहा आला. धर्मपाल खूप बोलले. पोरीला सरांनी कसं घडवलं, शिकणं पुरं झालं नाही तरी विद्या वाया गेली नाही, आज मोठेमोठे कारखाने तिच्या चित्रावरून भट्ट्या बांधतात, हे सगळं त्यांनी सरांच्या पदरात घातलं. सर नुसते हं हं करत राहिले. प्रत्येक कौतुक त्यांना चटका बसावा तसं लागत होतं, आणि हात मागे घ्यायचीही सोय नव्हती. मोनाली कॉम्प्युटरकडे तोंड करून बसली होती, पण तिची बोटं कीबोर्डवर चालत नव्हती.

चहा झाल्यावर धर्मपालांनी कपाटाचा वरचा खण उघडला आणि प्लास्टिकमध्ये पक्का केलेला एक कागद काढला. निबंधाचं तिसरं पान. वर ते सुरेख, गुळगुळीत चित्र, खाली इंग्रजी मजकूर, आणि एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ.

"सर, इतके वर्षं मनात होतं," ते म्हणाले. "पोरगी वाचून दाखवते, पण घाईत वाचते. माही गोष्ट इथं लिवली आहे म्हणे. एक डाव तुमच्या तोंडून ऐकू द्या. मराठीत."

सरांनी कागद हातात घेतला. रेघ मारलेली ओळ त्यांचीच होती, त्यांनीच रचलेली: कांडी आणि अस्तर यांचा एकमेकांशी असलेला संपर्क सर्व काळ अखंड आहे असं इथे गृहीत धरलं आहे. धर्मपाल जे सांगत होते त्याच्या नेमकं उलट. सगळ्या निबंधात कांडी आणि अस्तराच्या जोडाचा उल्लेख तेवढ्या एकाच ओळीत होता. वडिलांना बोट ठेवून दाखवायला पोरीला दुसरी जागाच नव्हती.

मोनाली वळून सरांकडे पाहत होती. सरांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांसमोर धरला आणि खांद्यावरच्या पिशवीतल्या दुरुस्तीपत्रातलं वाक्य, जे त्यांना आता तोंडपाठ होतं, ते वाचल्यासारखं म्हटलं.

"कांडी आणि अस्तर यांच्यामधली दरज प्रत्येक तापवण्याबरोबर वाढत जाते. ही गोष्ट रायपूरचे भट्टीमिस्त्री धर्मपाल रामटेके यांनी सर्वांआधी लक्षात आणून दिली."

धर्मपालांनी डोळे मिटून ऐकलं. नाव पण आहे का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, आहे. धर्मपालांनी कागद परत घेतला, शर्टाच्या बाहीनं प्लास्टिक पुसलं आणि खणात ठेवून दिला. मोनालीनं पुन्हा कॉम्प्युटरकडे तोंड केलं. तिची मान खाली होती.

सर निघाले तेव्हा धर्मपाल काठी घेऊन त्यांच्याबरोबर बाहेर आले. नको नको म्हटलं तरी ऐकेनात. स्कूटर दवाखान्याच्या सावलीत लावलेली होती. तिथवर आल्यावर त्यांनी मागे वळून दार लागलंय ना ते पाहिलं.

"सर, इंग्रजी मले येत नाही," ते म्हणाले. "पण चित्र समजते."

सर थांबले.

"पोरीनं पहिल्यांदा लॅपटॉप घरी आणून दाखवलं होतं न, तवा त्या भोकाच्या चारी बाजूनं लाल कडं होतं. मीच तिले म्हटलं होतं, आता बरोबर आहे. ह्या कागदात ते कडं कुठं आहे? कागद घरी आला त्याच दिवशी दिसलं मले. गरमी सुटल्यावर अशी गुळगुळीत जात नसते."

मग इतकी वर्षं तुम्ही काही बोलला का नाहीत, एवढंच सरांनी कसंबसं विचारलं. धर्मपालांनी सांगितलं की पोरगी तो कागद प्लास्टिकमध्ये पक्का करून, पेढे घेऊन घरी आली होती. आपल्या बापाला वाईट वाटू नये म्हणून एवढी खटपट केली तिनं. तिला काय म्हणायचं? ते म्हणाले, तिला वाटू द्या की बापाला कळलं नाही. तिच्या समाधानासाठी आल्यागेल्याला दाखवतो, झालं.

"आज तुम्ही वाचलं ते खरंच कुठं लिवलं आहे का?" त्यांनी विचारलं. "का तेही असंच?"

सरांनी खांद्यावरच्या पिशवीतून दुरुस्तीपत्र काढून दिलं. धर्मपालांनी मजकुराकडे पाहिलंच नाही. त्यांनी थेट चित्राचं पान उघडलं, कागद उन्हात तिरपा धरला आणि लाल कड्यावरून अंगठा फिरवला, अगदी हळू, खरंच गरम असल्यासारखा. हं, म्हणाले. मग त्यांनी विचारलं की सही लागत असेल तर आत्ताच घ्या, पोरीला कशाला त्रास. स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, सरांच्या पेनानं, त्यांनी एक एक अक्षर सुटं काढत सही केली. पोरीचं नाव वर आहे ना, हे विचारून घेतलं.

पेन परत देताना ते थांबले.

"काहून घेतलं नव्हतं, सर?"

"त्या वेळी पुरेशी माहिती नव्हती," सर म्हणाले. इतकं सवयीचं वाक्य की ते तोंडातून आपोआप निघालं.

"माहिती तर पाठवली होती न," धर्मपाल म्हणाले. "पोरीच्या हातानं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सरांना काही तरी करता आलं असतं. संदर्भ नव्हता, वेळ नव्हता, जाळीचा संशय होता, अशी तीन कारणं सरांकडे तयार होती आणि तिन्ही थोडी थोडी खरी होती. त्यांना त्यांच्या वडिलांचे काळे हात आठवले. यशदीपचं हसणं आठवलं, आणि त्याच्याहून मोठ्यानं आपण हसलो होतो तेही आठवलं.

"माहिती होती," ते म्हणाले. "ती तुम्ही सांगितली होती, एका मिस्त्रीनं, म्हणून घेतली नाही."

धर्मपालांनी मान हलवली. भट्टीचा अंदाज आपण आधीच बांधलेला असावा आणि मागून कोणी येऊन तोच आकडा सांगावा, तशी.

"हव," ते म्हणाले. "मले तसंच वाटलं होतं."

मग ऊन फार आहे, डोक्यावर काही तरी घ्या, एवढं सांगून ते काठी टेकत परत गेले. पायरी चढताना त्यांना जरा वेळ लागला. दार उघडलं, आतून मोनालीनं काही तरी विचारलं, त्यांनी हसून काही तरी उत्तर दिलं आणि दार लागलं.

शालीची पिशवी आत खुर्चीखालीच राहिली होती. ती आणायला परत जाण्याची सरांची हिंमत झाली नाही. आठ दिवस घोकलेली माफीही तशीच राहिली. मुलीनं वडिलांजवळ मागू दिली नाही. वडिलांना ती नकोच होती, त्यांना फक्त कारण हवं होतं. आणि कारण ऐकल्यावर माफ केलं असंही ते म्हणाले नव्हते.

सरांनी कागद सीटवर पुन्हा पसरला. शेवटच्या रकान्यातलं वाक्य त्यांनी एका रेघेत खोडलं. खरं काय ते लिहायला पेन टेकवलं. पण इंग्रजीत ते वाक्य काही केल्या जुळेना, दोनदा सुरू करून दोनदा थांबले. मराठीत तर ते आत्ताच बोलून झालं होतं. दवाखान्यात आलेल्या कोणीतरी गाडी काढायची आहे म्हणून स्कूटर बाजूला घ्यायला सांगितलं, तेव्हा सर उघडं पेन हातात धरून तसेच उन्हात उभे होते.